सर्व्हरवरच्या नको असलेल्या सर्व्हिस नीट कशा बंद करायच्या, आणि बंद केलेली परत चालू का होते

पहिल्यांदा सर्व्हर हातात आला तेव्हा मी सगळ्यात आधी प्रिंटिंगची सर्व्हिस बंद केली होती, म्हणजे कप्स. सर्व्हरला प्रिंटर जोडलेला नाही, जोडणारही नाही, मग ती कशाला हवी. स्टॉप दिलं, स्टेटस बघितलं, बंद दिसली, काम झालं असं समजून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर चालू. परत बंद केली, परत चालू. असं दोनतीनदा झाल्यावर मग नीट वाचायला बसलो आणि तेव्हा कळलं की सर्व्हिस स्वतःहून कधीच चालू होत नाही, तिला कोणीतरी उठवतं, आणि तो उठवणारा सापडेपर्यंत तुम्ही ती फक्त थोड्या वेळापुरती झोपवत असता.

हा लेख त्यासाठीच आहे. नुकताच लिनक्स सर्व्हर सांभाळायला घेतलाय, चालू सर्व्हिसची लांबलचक यादी बघून गोंधळ उडालाय, काही बंद करायच्यात पण सर्व्हर मोडायची भीती वाटतेय, अशा सगळ्यांसाठी.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. आणि हे सगळं सिस्टमडी असलेल्या सर्व्हरसाठी आहे, म्हणजे बूटपासून सगळ्या सर्व्हिस चालू-बंद करणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो तो. उबुंटू, डेबियन, फेडोरा, रेड हॅट, रॉकी, अल्मा यांच्या आताच्या सगळ्या व्हर्जनमधे तेच असतं. अल्पाइनमधे नसतं, तिथे ओपनआरसी असतं आणि कमांड वेगळ्या. खात्री करायची तर

पीएस -पी 1

टाका, सिस्टमडी दिसलं की पुढे वाचा. सिस्टमडी 2010 मधे आलं, फेडोराने 2011 मधे घेतलं, डेबियन आणि उबुंटूमधे 2015 पासून तेच डीफॉल्ट आहे. त्याआधीचे सल्ले अजूनही शोधल्यावर वर येतात, अपडेट-आरसी.डी किंवा सीएचकेकॉन्फिग वापरा वगैरे. ते आता सोडून द्या, अर्धवट चालतात आणि जास्तच गोंधळ करतात.

सुरू करायच्या आधी हे जवळ असू दे

- सुडोचे, म्हणजे रूटसारखी कमांड चालवायचे अधिकार असलेलं लॉगिन
- सर्व्हरमधे शिरायचा दुसरा रस्ता: क्लाउडवर असेल तर प्रोव्हायडरचा वेब कन्सोल, समोर असेल तर मॉनिटर आणि कीबोर्ड. हा आधी एकदा उघडून लॉगिन होतंय का ते बघा, गरज पडल्यावर पहिल्यांदा उघडू नका
- व्हर्च्युअल मशीन असेल तर एक स्नॅपशॉट
- एसएसएचचे (लांबून टर्मिनलमधे लॉगिन करायची सोय) दोन सेशन उघडे
- एक साधी टेक्स्ट फाइल: काय बंद केलं, कधी, कशासाठी

शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सहा महिन्यांनी सगळ्यात जास्त आठवते.

1. आत्ता काय स्थिती आहे ते साठवून ठेवा

काहीही हात लावायच्या आधी या तीन कमांड चालवा आणि प्रत्येकीचं आउटपुट एकेका फाइलमधे ठेवा.

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स
सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स --टाइप=सर्व्हिस --स्टेट=रनिंग
सुडो एसएस -टीयूएलपीएन

पहिलीत मशीनवर काय काय बसलंय आणि बूटला काय चालू होणार ते दिसतं, दुसरीत आत्ता काय चालू आहे ते, आणि तिसरीत कोण कुठल्या पोर्टवर ऐकत बसलंय ते. तिसरी सुडोशिवाय चालवली तर दुसऱ्यांच्या प्रोसेसची नावं दिसत नाहीत, ते लक्षात ठेवा.

पहिल्या यादीतला स्टेटचा कॉलम समजून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. एनेबल्ड म्हणजे बूटला चालू होणार. डिसेबल्ड म्हणजे बूट तिला चालू करणार नाही, पण दुसरं कोणी करू शकतं, हा "पण" पुढे फार महत्त्वाचा आहे. स्टॅटिक म्हणजे त्या सर्व्हिसच्या फाइलमधे इन्स्टॉलचा भागच नाही, त्यामुळे ती एनेबल किंवा डिसेबल करताच येत नाही, दुसऱ्या कोणालातरी लागते म्हणून ओढली जाते. मास्क्ड म्हणजे पूर्ण कुलूप. जनरेटेड दिसलं तर ते बहुतेक जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टवरून किंवा डिस्क माउंटच्या एफएसटॅब फाइलवरून आपोआप बनलेलं असतं.

2. काय बंद करायचं ते ठरवा

इथे घाई नको. यादीत नाव ओळखीचं नाही म्हणून बंद केलं, हे सगळ्यात वाईट कारण आहे. मी पोर्टपासून सुरू करतो, कारण बाहेरून पोचता येणारी सर्व्हिस हाच खरा धोका असतो. एसएसच्या आउटपुटमधे पत्ता 127.0.0.1 असेल तर ती फक्त मशीनच्या आतल्यांनाच ऐकते, 0.0.0.0 किंवा चौकटी कंसातले दोन कोलन असतील तर सगळ्या नेटवर्कला.

साध्या वेब किंवा डेटाबेस सर्व्हरवर सहसा नको असलेली मंडळी अशी: कप्स (पोर्ट 631, प्रिंटिंग), अवाही-डीमन (यूडीपी 5353, घरगुती नेटवर्कवर एकमेकांना शोधणं), मोडेममॅनेजर (मोबाइल डोंगलसाठी), ब्लूटूथ. आरपीसीबाइंड (पोर्ट 111) जरा विचार करून, कारण एनएफएसचं (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या फाइली वापरायची पद्धत) व्हर्जन 3 वापरत असाल तर ती लागते, फक्त व्हर्जन 4 असेल तर लागत नाही.

ज्यांना हात लावायचा नाही: एसएसएच, जर्नलडी, यूडेव्हडी, लॉगिनडी, डीबस (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचा रस्ता), नेटवर्क सांभाळणारी जी कुठली असेल ती (नेटवर्कमॅनेजर किंवा नेटवर्कडी), फायरवॉल, आणि वेळ जुळवणारी (क्रोनी किंवा टाइमसिंकडी). वेळेची सर्व्हिस बिनकामाची वाटते, पण घड्याळ सरकलं की सर्टिफिकेट आणि लॉगिन टोकन नाकारली जायला लागतात आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

सिस्टमडी-रिझॉल्व्हडबद्दल (मशीनसाठी वेबसाइटच्या नावांवरून पत्ते शोधून देणारी सर्व्हिस) वेगळं सांगतो कारण यात मी स्वतः फसलोय. मला 53 पोर्ट मोकळं हवं होतं, दुसरा डीएनएस सर्व्हर टाकायचा होता, आणि तिथे रिझॉल्व्हड बसलेलं, म्हणून सरळ बंद करून टाकलं. लगेच मशीनवरून कुठलंच नाव उघडेना, पॅकेज डाउनलोड होईना, म्हणजे जो नवीन डीएनएस सर्व्हर टाकायचा होता तोच उतरवता येईना. कारण असं की उबुंटूमधे /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही खरी फाइल नसून रिझॉल्व्हडने बनवलेल्या फाइलची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) असते आणि त्यात 127.0.0.53 हाच पत्ता असतो. विचारायचं ज्याला तोच बंद. तुमची गरज फक्त पोर्ट मोकळं करायची असेल तर रिझॉल्व्हडच्या कॉन्फिगमधे डीएनएस-स्टब-लिसनरला नो करा, ती सिमलिंक त्याच फोल्डरमधल्या स्टब नसलेल्या रिझॉल्व्ह.कॉन्फकडे वळवा आणि रिझॉल्व्हड रीस्टार्ट करा. पूर्ण सर्व्हिस मारायची गरज नाही. बऱ्याचदा उत्तर असंच असतं, सर्व्हिस बंद करण्यापेक्षा तिची एक सेटिंग बदलणं बरं.

अजून एक सापळा. सिस्टमडी-अॅनालाइझ ब्लेम ही कमांड बूटला कोणाला किती वेळ लागला ते दाखवते, आणि बरेच जण त्यातलं वरचं नाव पकडून बंद करतात. पण त्या आकड्यात दुसऱ्या कोणाची वाट बघण्याचा वेळही धरलेला असू शकतो. वेळ जास्त म्हणजे सर्व्हिस निरुपयोगी, असा अर्थ होत नाही.

नाव कळत नसेल तर सिस्टमसीटीएल कॅट आणि पुढे सर्व्हिसचं नाव द्या, तिची पूर्ण फाइल दिसते, डिस्क्रिप्शनसकट. फाइलचा पत्ता पहिल्याच ओळीत असतो, तो डेबियन किंवा उबुंटूवर डीपीकेजी -एस (इंग्रजी मोठं एस) ला, रेड हॅटच्या कुटुंबात आरपीएम -क्यूएफ ला दिला की कुठल्या पॅकेजने ती आणली तेही कळतं.

3. तिला कोण उठवतं ते शोधा

लोक हीच पायरी गाळतात. समजा कप्स बंद करायचंय. आधी

सिस्टमसीटीएल स्टेटस कप्स.सर्व्हिस

बघा आणि त्यात ट्रिगर्ड-बाय अशी ओळ आहे का ते शोधा. कप्सला तिथे कप्स.सॉकेट आणि कप्स.पाथ दिसतात. माझ्या गोष्टीतला उठवणारा हाच होता. सर्व्हिस बंद होती पण सॉकेट उघडं होतं, म्हणजे दाराशी बेल तशीच लावलेली, आणि कुठलातरी प्रोग्रॅम ती वाजवला की सिस्टमडी प्रामाणिकपणे सर्व्हिस उठवत होतं. त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

उठवणारे साधारण इतके प्रकारचे असतात.

बूट: एनेबल केल्यावर मल्टी-युजर.टार्गेटच्या फोल्डरमधे एक सिमलिंक बनते, बूट होताना तिच्यामुळे सर्व्हिस ओढली जाते. डिसेबल फक्त ही सिमलिंक काढतं, बाकी काही करत नाही, चालू असलेली सर्व्हिससुद्धा थांबवत नाही.

सॉकेट: कोणी जोडणी केली की सर्व्हिस चालू. डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं), कप्स, आरपीसीबाइंड ही नेहमीची उदाहरणं. उबुंटू 22.10 पासून एसएसएचसुद्धा डीफॉल्टने सॉकेटवरून चालतं, हे माहीत नसलं की एसएसएचच्या बाबतीत भलतेच निष्कर्ष निघतात.

टायमर: ठरलेल्या वेळी उठवतो. सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स --ऑल ने सगळे दिसतात. इथे सर्व्हिस बंद करून उपयोग नाही, टायमर बंद करायचा. पण एपीटी-डेली आणि एपीटी-डेली-अपग्रेड हे टायमर बंद करायच्या आधी थांबा, उबुंटूवर सिक्युरिटी अपडेट आपोआप बसतात ते यांच्याच जिवावर. बंद केलेत तर अपडेटची जबाबदारी पूर्ण तुमच्यावर.

पाथ: एखाद्या फाइल किंवा फोल्डरमधे बदल झाला की उठवतो.

डीबस: एका प्रोग्रॅमने डीबसवर दुसऱ्याचं नाव घेतलं की तो दुसरा चालू होतो. हे ट्रिगर्ड-बायमधे दिसत नाही, म्हणून शोधायला अवघड. डिसेबल करूनही परत येतेय आणि सॉकेट टायमर काहीच नाही, तर पहिला संशय इथे घ्या.

दुसरी सर्व्हिस: यासाठी

सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स कप्स.सर्व्हिस

ही उलटी यादी देते, म्हणजे हिच्यावर कोण अवलंबून आहे. यात एक फरक महत्त्वाचा. समोरच्याने वॉन्ट्स लिहिलं असेल तर तुमची सर्व्हिस नसली तरी त्याचं चालतं. रिक्वायर्स लिहिलं असेल तर तुम्ही ही थांबवली की तोही थांबतो, आणि ही मास्क केली तर तो पुढच्या वेळी चालूच होणार नाही. म्हणून यादीत तुमचं खरं काम करणारं एखादं नाव दिसलं, तर त्याची फाइल कॅटने उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

4. आधी तात्पुरती बंद करा, रीबूटने परत येईल अशी

ही युक्ती मला फार उशिरा कळली. मास्कला --रनटाइम असा पर्याय आहे.

सुडो सिस्टमसीटीएल मास्क --रनटाइम --नाऊ कप्स.सर्व्हिस कप्स.सॉकेट कप्स.पाथ

यात कुलूप /रन मधे लागतं, आणि /रन ही मेमरीतली जागा असल्याने रीबूट झाला की कुलूप गायब. म्हणजे काही बिघडलंच तर मशीन रीबूट होणं हाच इलाज.

मग तो रीबूटही आधीच लावून ठेवायचा, खास करून नेटवर्कच्या आसपासची सर्व्हिस असेल आणि सर्व्हर लांब असेल तर:

सुडो शटडाउन -आर +15

पंधरा मिनिटांनी मशीन स्वतःहून रीबूट होईल. आता सर्व्हिस बंद करा, तपासा, सगळं ठीक असेल तर सुडो शटडाउन -सी ने तो रीबूट रद्द करा. तुम्ही बाहेर फेकले गेलात तर पंधरा मिनिटं थांबा, मशीन जुन्या स्थितीत परत येईल. एक गोष्ट लक्षात ठेवा, रीबूटच्या आधीची शेवटची पाच मिनिटं साध्या युजरला नवीन लॉगिन मिळत नाही, म्हणून तपासणी पहिल्या दहा मिनिटांतच उरका, नाहीतर लॉगिन होत नाही म्हणून उगाच घाबराल.

तपासताना उघड्या एसएसएच सेशनवर विश्वास ठेवू नका. एसएसएचची सर्व्हिस थांबली तरी आधीचं सेशन तसंच चालू राहतं, त्यामुळे सगळं छान वाटतं. दर वेळी नवीन लॉगिन करून बघा.

रनटाइम मास्कची एक मर्यादा आहे. सर्व्हिसची फाइल /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मधे असेल, म्हणजे तुम्ही किंवा आधीच्या कोणी हाताने लिहिलेली, तर ते चालत नाही, कारण ईटीसीला रनपेक्षा वरचा मान आहे. तिथे साधं स्टॉप देऊन बघा, सर्व्हिस एनेबल्ड असेल तर रीबूटनंतर तीही परत येते.

आणि किल -9 नको. कृपया नको. एक तर सर्व्हिसच्या फाइलमधे रीस्टार्ट=ऑलवेज असेल तर सिस्टमडी तिला लगेच परत उठवतं, स्टॉप दिलं तर उठवत नाही कारण तेव्हा त्याला माहीत असतं की हे माणसाने मुद्दाम केलंय. दुसरं म्हणजे डेटाबेससारख्या सर्व्हिसला हातातलं काम संपवून फाइली नीट बंद करायला वेळ लागतो, तो तिला मिळायला हवा. स्टॉप दिल्यावर टर्मिनल अडकल्यासारखं वाटलं तरी धीर धरा, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर सिस्टमडी सहसा 90 सेकंद वाट बघतं आणि मगच जबरदस्ती करतं. दुसऱ्या सेशनमधे सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स --आफ्टर टाकलं की कोण कोणासाठी थांबलंय ते दिसतं.

तात्पुरत्या बंदवर शक्य असेल तर एक पूर्ण दिवस जाऊ द्या, रात्रीचे बॅकअप वगैरे होऊन जाऊ द्यात.

5. आता कायमची बंद

दिवस नीट गेला तर आधी रनटाइमचं कुलूप काढा आणि मग:

सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क --रनटाइम कप्स.सर्व्हिस कप्स.सॉकेट कप्स.पाथ
सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स.सर्व्हिस कप्स.सॉकेट कप्स.पाथ

--नाऊ मुळे थांबवणं आणि बूटमधून काढणं एकाच वेळी होतं. सर्व्हिस आणि तिचे उठवणारे सगळे एकाच कमांडमधे द्या. डॉकर असेल तर डॉकर.सर्व्हिस आणि डॉकर.सॉकेट दोन्ही, नुसती सर्व्हिस थांबवलीत तर सिस्टमडी स्वतःच इशारा देतं की सॉकेट अजून हिला उठवू शकतं. तो इशारा लोक वाचत नाहीत.

बहुतेक वेळा डिसेबल पुरतं. मास्क कधी? सर्व्हिस स्टॅटिक आहे, किंवा डीबसवरून उठतेय, किंवा दुसरी कोणी ओढतेय आणि तुम्ही खात्री केलीत की त्या दुसरीचं हिच्यावाचून अडत नाही, तेव्हा. मास्क म्हणजे त्या नावाची सिमलिंक थेट /डेव्ह/नल कडे, मग हाताने स्टार्ट दिलं तरी चालू होत नाही. पुढे दुसऱ्या कोणाला ती लागली तर तो चक्रावून जाईल, म्हणून मास्क केलं की नोंद कराच.

हाताने लिहिलेल्या फाइलला मास्क करायला गेलात तर फाइल आधीच आहे अशी एरर येते. ती फाइल दुसरीकडे हलवून ठेवा, डीमन-रीलोड द्या, मग मास्क करा. उलट /यूएसआर/लिब/सिस्टमडी मधल्या फाइली कधीच डिलीट करू नका, पॅकेज अपडेट झालं की त्या परत येतात आणि तोपर्यंत तुम्ही विसरलेले असता.

आणि ती गोष्ट कधीच लागणार नसेल तर पॅकेजच काढून टाका. फक्त काढताना सोबत आणखी काय काय जाणार त्याची यादी वाचल्याशिवाय यस दाबू नका.

6. रीबूट करून बघा

रीबूट केल्याशिवाय काम झालं असं धरू नका. खरी चूक बूटलाच दिसते, आणि ती तुमच्या सोयीच्या वेळी दिसलेली बरी. वर आल्यावर:

सिस्टमसीटीएल --फेल्ड
जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर
सुडो एसएस -टीयूएलपीएन

मग पहिल्या पायरीतल्या याद्या परत काढून डिफने (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) जुन्यांशी जुळवा. जे बदललंय ते सगळं तुमच्या नोंदीत आहे ना बघा. नोंदीत नसलेला बदल दिसला तर तिथेच थांबून कारण शोधा.

इतकं करूनही एखादी परत आली तर तीन ठिकाणी बघा. अॅन्सिबलसारखं टूल बाहेरून सर्व्हर सांभाळत असेल तर ते आपल्या यादीप्रमाणे परत एनेबल करतं, तिथे बदल टूलच्या फाइलमधे करायचा. कोणा युजरच्या नावावर चालणारी सर्व्हिस असेल तर ती सुडोच्या यादीत दिसतच नाही, त्या युजरने लॉगिन करून सिस्टमसीटीएल --युजर वापरावं लागतं. आणि कंटेनरमधे चालणारं काही असेल तर त्याची रीस्टार्ट पॉलिसी डॉकरकडे असते, सिस्टमडीचा त्याच्याशी संबंध नाही.

7. चुकलंच तर

लॉगिन होत असेल तर सोपं आहे, अनमास्क करा, मग एनेबल --नाऊ. फक्त अनमास्क केल्याने सर्व्हिस चालू होत नाही.

एखादी सर्व्हिस बूटलाच अडकवतेय असं असेल तर कन्सोलवरून ग्रबच्या (बूटच्या अगदी सुरुवातीला येणारा प्रोग्रॅम) मेनूत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सिस्टमडी.मास्क= आणि त्या सर्व्हिसचं नाव टाका. त्या एका बूटपुरती ती बाजूला राहते. तिथेच सिस्टमडी.युनिट=रेस्क्यू.टार्गेट टाकून रेस्क्यू मोडमधेही जाता येतं, पण त्यासाठी बऱ्याच ठिकाणी रूटचा पासवर्ड लागतो आणि रूट लॉक केलेला असेल तर तिथेच अडकायला होतं.

तेव्हा लाइव्ह आयएसओ किंवा प्रोव्हायडरचं रेस्क्यू सिस्टम चालू करा, सर्व्हरची डिस्क /एमएनटी वर माउंट करा आणि

सिस्टमसीटीएल --रूट=/एमएनटी अनमास्क एसएसएच.सर्व्हिस
सिस्टमसीटीएल --रूट=/एमएनटी एनेबल एसएसएच.सर्व्हिस

द्या. रेड हॅटच्या कुटुंबात नाव एसएसएचडी.सर्व्हिस असतं. डिसेबल काय आणि मास्क काय, शेवटी डिस्कवरच्या सिमलिंकच आहेत, त्यामुळे डिस्क वाचता येतेय तोपर्यंत बाहेरून सगळं परत लावता येतं. माउंट काढा, नेहमीसारखं बूट करा, आणि नोंदवहीत त्या सर्व्हिसच्या नावापुढे लिहा की हिला हात लावल्यावर काय झालं होतं.